पहाटेचा मान

नारळ फुटला, पाणी उडून वस्तादांच्या धोतरावर पडलं, आणि धोतर झटकत झटकत ते म्हणाले, "संयोगिता, उद्यापासनं पहाटं येत जा."

सयू, माझी धाकटी बहीण, कुस्तीत जिल्ह्यात पहिली आली म्हणून तालमीपुढे तिचा सत्कार चालला होता. फेटा झाला होता, हार झाले होते, सरपंचांचं लांबलेलं भाषणही झालं होतं. हे वाक्य मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. क्षणभर कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. मग मागून एकानं वाजवली आणि सगळं मैदानच वाजू लागलं. आमच्या वडिलांनी, बापूंनी, डोक्यावरची टोपी काढली आणि तिनंच डोळे पुसले. फेट्याखालचा सयूचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता.

पडला होता तो फक्त माझा. शेजारच्या मंगलकाकींच्या नजरेतून ते सुटलं नाही. बहिणीचं कौतुक बघवत नाही की काय, असं त्यांनी हळूच विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. काकींना काय सांगणार, की वस्तादांनी माझ्या बहिणीला गावातला सगळ्यात मोठा मान दिला होता आणि नेमका चुकीच्या आठवड्यात दिला होता.

आमचं गाव कागल तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. गावात देऊळ कुठलं म्हणून विचारलंत तर लोक थोडा विचार करतील, पण तालीम कुठली म्हटलं की शेंबडं पोरही बोट दाखवील. या तालमीची पहाट पुरुषांची. तांबडं फुटायच्या आधी माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या आणि मग खुद्द वस्ताद हिंदुराव चौगले कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला उभे राहून एकेकाला घडवायचे. पहाटे येतो तोच पैलवान, बाकीचे नुसते हौशी, असा सरळ हिशोब होता.

मुलींना मिळाली होती दुपार. बाप्ये जेवून आडवे झाले की तालमीमागच्या पत्र्याच्या शेडमधली मॅट आमच्या सयूची आणि गावातल्या आणखी पाच-सहा मुलींची. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. ती वेळ कुणालाच नको होती, म्हणून उरली होती. पत्रा असा तापायचा की खाली उभं राहिलं तरी घाम फुटावा. त्या वेळी वस्ताद झोपलेले असत. शिकवायचे बापू. तरुणपणी ते वस्तादांच्याच हाताखाली तयार झालेले, पुढे संसारामागे लागून कुस्ती सुटली. सकाळी टेम्पोतून गावोगावचं दूध गोळा करून डेअरीत घालायचं आणि दुपारी मुलींना पट काढायला शिकवायचं, असा त्यांचा दिवस. सयू पाचवीत असल्यापासून त्या तापलेल्या पत्र्याखाली वाढली होती.

मी तेव्हा कोल्हापूरला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या सरांच्या प्रयोगशाळेत काम होतं स्नायूंवर. पिंजऱ्यात उंदीर, पिंजऱ्यात पळायची चाकं, आणि कुठल्या वेळी पळणाऱ्या उंदराच्या स्नायूत कुठली जनुकं कधी जागी होतात ते बघायचं. घरी मला सगळे 'प्रोफेसरीण' म्हणून चिडवायचे आणि उंदरांची चौकशी सोयऱ्यांची करावी तशी करायचे. सुट्टीला येताना मी मुठीची ताकद मोजायचं यंत्र मागून आणलं होतं. सयूच्या हातात ते सकाळी द्यायचे, दुपारनंतर द्यायचे. सकाळचा आकडा दर वेळी खाली आणि चार वाजल्यानंतरचा वर. इतका वर, की मीच यंत्र बिघडलंय की काय म्हणून तपासलं होतं.

पुण्यात राज्याची निवड चाचणी पंधरा दिवसांवर आली होती. मुलींच्या कुस्त्या संध्याकाळी चारनंतर होत्या. त्या वयोगटातलं सयूचं ते शेवटचं वर्ष. निवड झाली असती तर ती उत्तरेकडच्या राष्ट्रीय शिबिरात गेली असती, तिथं खुराक, प्रशिक्षक, राहणं सगळं मिळालं असतं आणि कुस्ती हेच तिचं आयुष्य झालं असतं. नाही झाली तर पुढं काय, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

सत्काराहून घरी आल्यावर मी दोघांना समोर बसवलं. सयू अजून फेटा उतरवायला तयार नव्हती. बापूंना समजावं म्हणून मी डेअरीवरून सुरुवात केली.

"बापू, दूध यायच्या वेळंला डेअरीत कॅन धुऊन तयार आसत्यात का न्हाई? माणसं जाग्यावर, काटा लावलेला. तुम्ही एकदम वेळ बदलून भलत्याच वक्ताला टेम्पो नेलासा तर?"

"बोंब हुईल," बापू म्हणाले. "आठ-पंधरा दिस तरी बोंब हुईल."

मी सांगितलं, अंगाचं तसंच आहे. शरीरात एकच घड्याळ नसतं. डोक्यातलं मोठं घड्याळ उजेड-अंधारावर चालतं. पण मांडीच्या, दंडाच्या एकेका पेशीत आपापलं छोटं घड्याळ असतं, जनुकांचं बनलेलं. साखर कधी ओढून घ्यायची, ताकद कधी पुरवायची, झिजलेलं कधी सांधायचं, हे ते ठरवतं आणि त्या त्या वेळेआधीच त्या त्या जनुकांना उठवून ठेवतं. या घड्याळाला किल्ली देतो तो व्यायाम. रोज ज्या वेळी अंग राबतं, त्या वेळेला ते तयार राहायला शिकतं. सयूचं अंग इतकी वर्षं दुपारनंतर तयार राहायला शिकलंय. पुण्याच्या कुस्त्या बरोबर त्याच सुमाराला आहेत. आता मध्येच पहाट सुरू केली तर पंधरा दिवसांत ती धड पहाटेची होणार नाही आणि दुपारची राहणार नाही.

बापू बराच वेळ टोपीची घडी करत बसले. ज्या पहाटेपासून ते तुटले होते ती त्यांच्या लेकीला गावादेखत मिळाली होती, आणि थोरली लेक म्हणत होती की घेऊ नका.

सयूनं एवढंच म्हटलं, "दोन्ही करतो की." आमच्याकडच्या मुली करते, जाते म्हणत नाहीत, करतो, जातो म्हणतात. कोल्हापूरच्या हॉस्टेलवर बाहेरगावच्या मैत्रिणी मला त्यावरून हसायच्या. सयूच्या तोंडी मात्र ते शोभायचं.

तिनं दोन्ही करून पाहिलं. पहाटे बाप्यांबरोबर, दुपारी मुलींबरोबर. वजन गटात बसवायचं म्हणून भाकरी आधीच अर्ध्यावर आणलेली. दोन दिवस तिनं रेटलं आणि तिसऱ्या दिवशी जेवता जेवता ताटावरच झोपली. आईनं तिचा हात धुऊन तिला आत नेलं आणि मला आणि बापूंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, की एक काय ते ठरवा, माझी पोर मारू नका.

म्हणून मग मी आणि बापू वस्तादांकडे गेलो. ते तालमीच्या कट्ट्यावर सुपारी कातरत बसले होते. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान हसतील तरी. त्यातलं काहीच त्यांनी केलं नाही. माझी डेअरी, घड्याळ, उंदीर, सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उंदीर किती वेळ पळतात असंही विचारलं.

"पोरगी खोटं बोलत न्हाई," ते बापूंना म्हणाले. "आमी बी बघतो की, पहाटंचा गडी रातच्या कुस्तीला वाईच जड पडतोय."

"मग निवड हुईस्तोवर राहू दे का, वस्ताद?" बापूंनी विचारलं. "तिकडनं आली की रोज ईल."

वस्तादांनी अडकित्ता खाली ठेवला. "ईना का. माझी ना न्हाई. पर बापूसो, मी तालमीच्या कमिटीसंगं लई भांडलोय ह्याच्यापायी. ती म्हणत्यात बाईमाणसाला पहाट झेपत न्हाई. आता पयल्याच आठवड्याला ती यायची थांबली, तर त्यांनी काय समजायचं? तुझ्या पोरीचं घड्याळ त्यांना कोण समजून सांगणार? पुन्यांदा दार उघडायचं माझ्या हातात आसंल का नसंल, आज सांगत न्हाई."

परत येताना बापू पुढे पुढे चालत होते. मी मनातल्या मनात त्या कमिटीला, तालमीला आणि त्या नारळाला शिव्या घालत होते. पंधरा दिवस थांबून मान दिला असता तर काय बिघडलं असतं? पण आमच्याकडे कौतुक वाटलं की ते तिथल्या तिथं उधळायचं, ही रीत. ज्याचं कौतुक, त्याला ते कधी हवंय हे विचारायची रीत नाही.

सयू अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. बापूंनी वस्तादांचं बोलणं तिला जसंच्या तसं सांगितलं, आपल्या पदरचं काही घातलं नाही आणि आत निघून गेले. तिनं कपड्यांच्या घड्या घातल्या. मग मला म्हणाली, "अक्का, पहाटं गेलो तर मी हरणारच, आसं सांगतीस का?"

"तसं न्हाई सांगता यायचं," मी म्हणाले. "पण तुझं पाऊल उशिरा पडंल. तुझी कुस्तीच पावलावर हाय."

"आणि आता न्हाई गेलो, तर पुन्ना बोलवतील आसं सांगतीस का?"

 या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही जनुकात नव्हतं. ती कपड्यांचा गठ्ठा उचलून घरात गेली आणि दुसऱ्या दिवशी अंधारातच तालमीला गेली. तिसऱ्या दिवशी गेली. दुपार तिनं सोडून दिली. दुपारी ती शेडच्या दारात नुसती बसायची आणि बापू मुलींना शिकवायचे ते बघायची.

मी रागावले होते, हे सांगितलं पाहिजे. जिच्यासाठी मी यंत्र मागून आणलं, ती माझं ऐकत नव्हती. तरी मला जमेल ते मी केलं. तिच्या खोलीच्या खिडकीला आईचं जुनं जाड लुगडं लावलं, संध्याकाळी लवकर दिवा घालवायला लावला, जेवणाची वेळ अलीकडे आणली. यंत्र रोज तिच्या हातात देत होते. सकाळचा आकडा हळूहळू चढत होता, संध्याकाळचा उतरत होता. निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही जवळजवळ सारखे आले. मी ते तिला सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

पुण्याला निघालो तेव्हा दुपारच्या सगळ्या मुली एस.टी.पर्यंत आल्या होत्या. सयूनं त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. त्या माना हलवत होत्या. मला वाटलं, आपल्या माघारी सराव चुकवू नका म्हणून सांगत असेल. बापू मात्र तिकडे लक्ष देऊन बघत होते.

पुण्यातला हॉल मोठा होता, दिवे लखलखीत. पहिल्या दोन कुस्त्या सयूनं अनुभवावर काढल्या. शेवटची कुस्ती विदर्भातल्या एका उंच मुलीशी. पहिल्या फेरीत सयू पुढे होती. बापू माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांचे खांदे तिच्या खांद्यांबरोबर हलत होते. दुसऱ्या फेरीत त्या मुलीनं एकेरी पटाला, म्हणजे सयूचा एक पाय ओढायला, हात घातला. हा डाव सयूवर कधी चालत नसे. समोरच्याचा खांदा हलला की तिचा पाय आपोआप मागे जायचा, मी ते शेकडो वेळा बघितलं होतं. त्या दिवशीही पाय मागे गेला, पण किंचित उशिरा, पकडीत सापडल्यानंतर. मग कडेला ढकलाढकली, शिट्टी, आणि एका गुणानं सयू हरली.

ते पाऊल त्या घड्याळामुळेच उशिरा पडलं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. ती मुलगी चांगली होती. सयू उपाशी होती, थकलेली होती. एका माणसाच्या बाबतीत एकदा घडलेल्या गोष्टीला माझ्या शास्त्रात पुरावा म्हणत नाहीत. पण मी तिथं उभी होते, आणि मला जे दिसायचं ते दिसलं.

सयूनं समोरच्या मुलीचा हात वर उचलून तिचं अभिनंदन केलं, बापूंच्या पाया पडली आणि कपडे बदलायला गेली. बापू तिथल्या पायरीवर बसले. मी त्यांच्याकडे बघण्याचं टाळलं.

रात्रीच्याच एस.टी.नं आम्ही परत निघालो. कागलहून पहिल्या गाडीनं गावात उतरलो तेव्हा पूर्वेला नुकतं उजाडू लागलं होतं. मला वाटलं घरी जायचं, चहा घ्यायचा, आईच्या गळ्यात पडून सयू एकदाची रडेल. सयूनं बॅग खांद्याला लावली आणि घराच्या उलट्या बाजूला चालायला लागली.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"तालमीला. पहाट झाली की," ती म्हणाली.

मी काही बोलणार तोच बापूंनी माझा हात धरला आणि आम्ही तिच्या मागून गेलो.

तालमीच्या दारात दुपारच्या सगळ्या मुली उभ्या होत्या. पिशव्या छातीशी धरून, थंडीनं आणि भीतीनं एकमेकींना चिकटून. आत दिवा होता, बाप्यांचे जोर चालल्याचा आवाज येत होता. त्यातली एक सयूला बघून रडवेली होऊन म्हणाली, "ताई, निकाल कळला आमाला. जायाचं का माघारी?"

"मी हरलो तरी यायचं, सांगितलं हुतं का न्हाई?" सयू म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एस.टी.पाशी तिनं हे सांगितलं होतं. एकट्या संयोगिताला मिळालेली पहाट संयोगिताबरोबर शिबिराला निघून गेली असती आणि गावात पुन्हा दुपारच उरली असती. नाकारली असती तर कुणालाच मिळाली नसती. आणि हरल्यावर ती तोंड लपवून घरी बसली असती तर कमिटीचं म्हणणं खरं ठरलं असतं. पण रोज पहाटे येणारी, काल पुण्यात हरलेली आणि आज घरी न जाता सरळ तालमीत आलेली मुलगी दारात उभी असताना, तिच्या मागच्या पोरींना तुम्ही कशाला आलात, असं विचारायला कुणाची जीभ रेटली असती?

सयू उंबरठ्यावर वाकली, माती कपाळाला लावली आणि आत गेली. मुली तिच्या मागे दारात अडखळल्या. आतला जोरांचा आवाज थांबला. एकजण कमरेवर हात ठेवून पुढे आला आणि वस्तादांकडे बघू लागला. वस्ताद हौद्याच्या कडेला उभे होते. त्यांनी सयूकडे बघितलं, मग मुलींच्या पायांकडे.

"चपला भाईर काढा," ते म्हणाले.

बापू माझ्या शेजारी उभे होते. सत्काराच्या दिवशी पुसले होते तसे डोळे त्यांनी पुसले नाहीत, वाहू दिले.

याला आता बरीच वर्षं झाली. वस्ताद गेले. बापू थकले, टेम्पो विकला. सयू पुढं एकदा राज्यात तिसरी आली, शिबिराला काही गेली नाही. आता हौद्याच्या कडेला तीच उभी असते. गावातली पोरं आणि पोरी तिला वस्तादच म्हणतात.

मी स्नायूंतच राहिले, फक्त उंदरांवरून माणसांवर आले. मागच्या वर्षी आम्ही महिला पैलवानांवर एक अभ्यास केला. वेगवेगळ्या तालमींतल्या, बहुतेक दुपारनंतरच सराव करणाऱ्या मुली, त्यांची आणि घरच्यांची परवानगी, भूल देऊन मांडीतून तांदळाच्या दाण्याएवढा स्नायूचा तुकडा, एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी. आमच्या गावच्या मुलीही त्यात होत्या. नमुन्यांवर नावं नव्हती, कुठला नमुना कुठल्या तालमीचा हे शेवटी उघडलं. एका गटाच्या रेषा बाकीच्यांच्या आधीच चढत होत्या. ताकद पुरवणारी जनुकं त्या मुलींमध्ये भल्या सकाळीच जागी होती, दुपारी शांत. उघडून बघितलं तर तो गट आमच्या गावचा होता.

पुढच्या सुट्टीला मी तो आलेख छापून गावी घेऊन गेले. पहाटे तालमीत पोचले तर मुलींच्या जोर-बैठका चालल्या होत्या. सयूनं कागद दिव्याखाली धरला. कुठली रेषा कशाची हे मी बोटानं दाखवलं. बघून झाल्यावर तिनं विचारलं, "ह्यात दुपार कुठाय?"

"न्हाई," मी म्हणाले. "ह्या पोरींच्या अंगाला दुपार ठावंच न्हाई."

  मांडीच्या एका कणभर तुकड्यात, कुठल्याही कमिटीचा हात पोचणार नाही अशा जागी, तिनं दिलेली पहाट लिहिलेली होती आणि त्या पोरींना त्याचा पत्ताही नव्हता.

सयूनं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "मग झालं की," ती म्हणाली, आणि शिट्टी तोंडात धरून मुलींकडे वळली.